पाय घेऊन या

शेषेराव काका दुकानात आले तेव्हा मी एका पोलीस भरतीवाल्या पोराला झापत होते. त्यानं बूट दोन महिने डांबरी रस्त्यावर घासून तळ फाडून आणले होते आणि वर म्हणत होता की नंबर छोटा निघाला. माझं तोंड फटकळ आहे, हे नांदेडच्या स्टेडियमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. तरी पोरं माझ्याकडेच येतात, कारण मी वस्तू तपासून देते. बूट, गोळे, नी-कॅप, स्टॉपवॉच, आणि गेल्या दोन वर्षांपासून मसाज गन.

दुकान माझं असलं तरी जागा अब्बांची. माझे वडील निजामोद्दीन. चाळीस वर्षं त्यांनी तालमीतल्या पैलवानांची मालिश केली. नायगाव, किनवट, कुठून कुठून लोक यायचे. त्यांचा एक हेका होता. कुणाचा बाप आला, उस्ताद आला, म्हणाला पोराचा पाय दुखतोय, तेल द्या, लेप द्या, की अब्बा म्हणायचे, "पाय घेऊन या." ज्याचं दुखतं तो समोर बसल्याशिवाय ते शिशीचं बूचसुद्धा उघडत नसत. लोक चिडायचे. लहानपणी मलाही वाटायचं की हा माणूस उगीच अडून बसतो. आता त्यांची बोटं सुजतात, वाटीसुद्धा नीट धरता येत नाही, आणि त्यांच्या जागी मी यंत्रं विकते. यंत्र विकायला पाय कशाला लागतो, अशी माझी समजूत होती.

काका अर्धापूरचे, केळीवाले. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग, हातात डब्याची पिशवी. त्यांची मुलगी सुकन्या लातूरला खोली घेऊन राहते, तिथल्या एका अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करते. दर दोन-तीन दिवसांनी साखराबाई, म्हणजे तिची आई, धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून देते आणि काका ती पिशवी नांदेड स्टँडवर लातूरच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे सोपवतात. पलीकडे पोरगी उतरवून घेते. आमच्या भागातली अर्धी शिकणारी पोरं अशी एसटीच्या डब्यावरच वाढलेली आहेत.

"उद्या सकाळी तिचं ग्राउंड हाय," काका म्हणाले. "पाय आखडलाय म्हणती. ते ठोकायचं मशीन द्या. साडेअकराच्या गाडीनं पाठवायचंय."

ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी चाचणी. पावणेअकरा झाले होते. त्यांच्या खिशात कागद होता आणि त्यावर व्हिडिओ बघून उतरवलेले आकडे होते. मिनिटाला किती ठोके, कोणत्या मशीनला किती स्पीड. असे आकडे घेऊन आलेलं गिऱ्हाईक दिसलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, काका, आकडे ठेवा खिशात, मांडी पुढं करा.

पहिलं मशीन छोटं, पर्समध्ये मावणारं. मी ते त्यांच्या मांडीवर टेकवलं आणि जोर दिला. ते गप्प झालं. दाबल्यावर जे थांबतं ते फक्त कातडीला गुदगुल्या करतं, हे मी त्यांना दाखवून दिलं. दुसरं मोठं, दमदार, पण असं गुरगुरायचं की खोलीतल्या बाकीच्या पाच पोरींनी ते खिडकीतून फेकून दिलं असतं. शिवाय त्याची बॅटरी उतरलेली, तासभर चार्ज करावं लागलं असतं. तिसरं मधलं. आवाज कमी, दाबलं तरी चालू राहणारं, ठोका खोल जाणारा. ठोके किती यापेक्षा ठोका किती आत जातो ते बघायचं असतं, असं मी त्यांना सांगितलं. काका मान हलवत होते. मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्या वेळी मिरवत होते.

मशीन ठरलं, मग डोक्यांची गोष्ट आली. गनच्या पुढच्या टोकाला बसवायला चार डोकी येतात. गोल, चपटं, दोन शिंगांचं आणि टोकदार. मी गोल बसवून दिलं. काकांनी पायजमा वर केला, गोल डोकं पोटरीवर टेकवलं, मग पाय वळवून पुढं नडगीवर टेकवलं आणि नापसंतीनं मान हलवली.

"हे लई पसरट हाय. मला एवढ्याच जागेला पायजे."

त्यांनी टोकदार डोकं उचललं. मी म्हटलं की ते जाड मांसातल्या गाठीला किंवा तळपायाला असतं. ते म्हणाले, तिचं दुखणंही रुपयाएवढंच आहे, मग डोकं परातीएवढं कशाला. मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. स्टँड रिक्षानं दहा मिनिटांवर. मी टोकदार डोकं खटकन बसवून दिलं, वर चिठ्ठी लिहून दिली: 'जिथं दुखतं तिथं, दोन मिनिटं, रात्री आणि सकाळी.' खाली दुकानाचा शिक्का मारला. काकांनी ते सगळं धपाट्यांच्या शेजारी पिशवीत बसवलं, वॉरंटीच्या कार्डावर आपला नंबर लिहून दिला आणि गेले. मी मागून ओरडून सांगितलं की पोरीला म्हणावं, वर्दी घालून दुकानात यायचं.

बाराच्या सुमाराला अब्बा आले. रोज येतात, जोहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजेपर्यंत गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसतात. काउंटरवर दोन उघडी खोकी बघून त्यांनी विचारलं, कोण आलं होतं. मी सांगितलं. कुठं दुखतं पोरीचं, त्यांनी विचारलं. नडगीला, मी म्हणाले.

"बोटानं दाखवलं का तळव्यानं?"

हा प्रश्न मी शेवटचा कधी ऐकला होता तेही मला आठवेना. तालमीत अब्बा प्रत्येकाला आधी हेच करायला लावायचे: दुखतं तिथं हात ठेव. पैलवानानं पूर्ण तळवा ठेवून चोळल्यासारखं दाखवलं, की मांस आखडलंय, बस, तेल घेतो. एकच बोट टेकवून सांगितलं, इथं, अगदी इथं, की अब्बा हात मागं घ्यायचे. ते दुखणं हाडाचं. त्याला मालिश नाही, त्याला विश्रांती आणि डॉक्टर.

"पोरगी आलीच नव्हती," मी म्हणाले. "तिचे वडील आले होते."

"मग तू इकलंस कुणाला?"

माझ्या डोळ्यांपुढं काकांचा वर केलेला पायजमा आला, नडगीच्या हाडावर टेकवलेलं ते टोक आलं. एवढ्याच जागेला. रुपयाएवढं. माणूस मला बोट दाखवत होता आणि मी त्याला बोटाएवढं डोकं बसवून दिलं होतं. मशीनबद्दल मी दहा गोष्टी तपासल्या होत्या आणि पायाबद्दल एकही विचारली नव्हती.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. त्यांनी फक्त एक जुनी हकीकत सांगितली, ती मी आधी कधीच ऐकली नव्हती. एका पैलवानाला त्यांनी असंच परत पाठवलं होतं. त्याच्या उस्तादानं दुसऱ्याकडून दोन दिवस चोळून घेतलं. पाय बधिर झाला, पोरगा खूश झाला, आखाड्यात उतरला. हाड मोडल्याचा आवाज अब्बांनी आखाड्याबाहेर ऐकला होता. चोळल्यानं हाड मोडत नाही, अब्बा म्हणाले, चोळल्यानं हाड सांगायचं बंद होतं. मग माणूस त्याच्यावर पळतो.

मी काकांना फोन लावला. ते अर्धापूरच्या गाडीत होते. मी त्यांना फार काही समजावत बसले नाही. पोरीला फोन करा, मशीन पायाला लावू नको म्हणावं, एवढंच सांगितलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. सुकन्याचा मोबाईल बंद. अकॅडमीवाले सकाळी सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतात आणि संध्याकाळी सहाला देतात, शेवटच्या दिवशीही. डबा घ्यायला ती साडेतीनला स्टँडवर येते, मोबाईलशिवाय, गाडीची वेळ ठरलेली असते म्हणून. अकॅडमीच्या सरांना फोन करायला काका तयार नव्हते. ग्राउंडच्या आदल्या दिवशी जखमी म्हणून नाव गेलं तर सर तिला सोबत नेणार नाहीत, अशी त्यांना धास्ती. मग ड्रायव्हर. उमाशंकर त्याचं नाव, मी त्याचा नंबर घेऊन चार वेळा फोन केला. गाडी चालवताना तो फोन घेत नाही. एरवी मी अशा ड्रायव्हरचं कौतुक केलं असतं.

मी काकांना म्हटलं, मिळेल त्या गाडीनं माघारी या, सव्वाची लातूर गाडी धरायची आहे. ते विचारत होते, इतकं काय झालंय. मी म्हटलं, गाडीत सांगते.

निघताना अब्बांनी मला दारात थांबवलं. "पोरगी खोटं बोलंल. उद्या मैदान हाय, कुणीबी बोलंल. एका पायावर उडी मारायला लाव. एकच. आन् बघायचं तोंडाकडं, पायाकडं न्हाई."

गाडीत मी काकांना सगळं सांगितलं. बोट आणि तळवा, तो पैलवान, अब्बांचं 'पाय घेऊन या'. लोहा गाव मागं पडल्यावर ते म्हणाले की सुकन्यानं त्यांना नडगी म्हटलंच नव्हतं. तिनं पोटरी म्हटलं होतं. परवा व्हिडिओ कॉलवर आईशी बोलताना तिनं फोन पुस्तकाला टेकवून ठेवला होता, आणि बोलता बोलता ती वाकून नडगीवर एका जागी बोट दाबत होती. तिला वाटलं खालचं दिसत नाही. काकांना दिसलं. पोरगी लाजून अर्धंच सांगत असेल, म्हणून त्यांनी जागा नीट लक्षात ठेवली आणि त्या जागेला बसेल असं डोकं निवडलं.

"माझं चुकलं का, ताई?"

मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्या गाडीत ओरडण्यालायक माणूस एकच होता आणि ती मी होते. मी म्हटलं, तुम्ही बरोबर जागा ओळखली काका, विचारायचं मी विसरले.

अहमदपूरच्या पुढं, पावणेचारला, उमाशंकरचा फोन आला. मी स्पीकर लावला. पिशवी दिली, तो म्हणाला, स्वतःच्या हातानं दिली, पंधरा मिनिटं झाली. मी विचारलं, पोरगी चालत कशी होती. "आता तुम्ही इचारलं म्हणून सांगतो. लंगडत व्हती बारीक. मी म्हणलं बी, काय झालं गं, तर हसली."

काकांनी खिडकीची दांडी धरली ती लातूर येईपर्यंत सोडली नाही. चाकूरला गाडी दहा मिनिटं थांबली. कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता. मी त्याला असं काही बोलले की तो ग्लास अर्धा टाकून चढला. त्याचा काही दोष नव्हता.

औसा रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. साडेपाच वाजून गेले होते. बाहेर दोरीवर ट्रॅकपँट वाळत होत्या आणि दारात स्पाइकच्या बुटांचे जोड ओळीनं मांडून ठेवलेले होते. जिन्यातच मला आवाज ऐकू आला. बारीक, सलग, दबका. कमी आवाजाचं म्हणून मीच निवडलेलं मशीन.

दार उघडंच होतं, खोलीतल्या बाकीच्या पोरी अजून अकॅडमीतच होत्या. सुकन्या भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब केलेला, टोकदार डोकं नडगीवर. समोर उघडा डबा, धपाट्याचा एकच घास तोडलेला. माझी चिठ्ठी तिनं उशीला टाचणीनं लावून ठेवली होती.

आम्हाला पाहून तिनं मशीन बंद केलं आणि उठून उभी राहिली. अगदी सरळ उभी राहिली. बाबा कसे आलात, ह्या कोण, आई बरी आहे ना, सगळं एका दमात. मी कोण ते काकांनी सांगितलं. ती माझ्याकडे बघून मनापासून हसली. म्हणाली, ताई, लई भारी मशीन दिलंत, तीन आठवड्यांचं दुखणं तासाभरात गेलं.

"कुठं दुखत होतं, दाखव," मी म्हटलं.

तिनं वाकून पोटरीवर तळवा ठेवला. पूर्ण तळवा, आणि चोळून दाखवलं. "इथं सगळीकडं."

तिच्या नडगीवर लाल गोल डाग उठला होता, बारक्या बिस्किटाएवढा. मी त्याच्याकडे बोट केलं. ती म्हणाली, अंदाज चुकला, जरा पुढं लागलं. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझा तिच्यावर विश्वास बसायला लागला होता. मला तो बसवायचा होता. तळव्यानं दाखवलं, म्हणजे मांस आहे, म्हणजे मी काही केलेलं नाही, म्हणजे पुढच्या गाडीनं घरी. पण मला अब्बांचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, त्या पायावर एक उडी मार. एकच.

तिनं तीन मारल्या. मी थांबवायच्या आत. मी तोंडाकडे बघत होते, अब्बांनी सांगितलं होतं तसं, आणि तोंडावर काहीही नव्हतं. डोळा मिटला नाही, ओठ हलला नाही. ती खरंच हसत होती.

"बघा," ती म्हणाली. "आता जाऊ द्या, मला लवकर झोपायचंय. तीनला उठायचंय."

माझ्याकडे पुढं काही नव्हतं. अब्बांनी दिलेल्या दोन्ही परीक्षा ती पास झाली होती. मी काकांकडे वळले. ते खाली बसले होते, भिंतीशी, आणि पायजमा वर करत होते.

"लावा मला," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, काय करताय.

"तेच डोकं, तीच जागा. चिठ्ठीत लिवलंय तेवढा येळ. लावा."

सुकन्या मध्ये पडली, बाबा, उगीच काय, असं काहीतरी म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी मशीन उचललं आणि त्यांच्या नडगीच्या हाडावर टोक टेकवून सुरू केलं. केळीचे घड खांद्यावर वाहिलेला माणूस. पण पहिल्या ठोक्यांनाच त्यांची पाठ भिंतीवरून उचलली गेली. दात दाबले, डोळ्यांत पाणी आलं. मी हात काढायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. अर्धं मिनिट तसं गेलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. मनगटावरची पकड सैल झाली. दोन मिनिटं झाल्यावर मी मशीन बंद केलं.

काकांनी अंगठ्यानं त्या जागेवर दाबलं. मग जोरानं दाबलं. मग नखानं. नखाचा वळ उठला.

"कळंना," ते म्हणाले. "माझं तर चांगलं हाड हाय, ताई. तरी कळंना."

त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"तू किती येळ लावलंस?"

तिनं नडगीवरचा लाल डाग हातानं झाकला.

"सुकन्या, तू उडी मारलीस तवा तुला काही कळलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई कळलं, बाबा. म्हणून तर बरं वाटलं."

ती खाली बसली, आणि मग सगळं बाहेर आलं. तीन आठवडे झाले होते. पहिल्यांदा पळताना दुखायचं, मग चालताना, आता झोपेतही. अकॅडमीत सांगितलं असतं तर मागच्या रांगेत टाकलं असतं. डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर काय सांगतील ते तिला माहीत होतं. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची जाहिरात. पुढच्या वेळी फॉर्मच भरता येणार नाही. तिनं चिठ्ठीतली दोन मिनिटं कधीच ओलांडली होती. दुपारपासून ती थांबून थांबून तासभर तेच करत होती.

"आठशे मीटर," ती म्हणाली. "तीन मिनिटं पण लागत नाहीत. मला फक्त तीन मिनिटं कळलं नाही पायजे."

काका आपल्या नडगीवरचा नखाचा वळ बघत होते.

"आन् चौथ्या मिनिटाला?"

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी, आणि शेजारच्या खोलीतल्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हाकललं. मग मी उशीवरची माझी चिठ्ठी काढली आणि खिशात ठेवली.

हाडाच्या डॉक्टरांचा दवाखाना त्याच रस्त्यावर होता, आठपर्यंत उघडा. जिना उतरताना काकांनी तिला पाठीवर घेतलं. ती नको म्हणत होती. गल्लीत अकॅडमीची पोरं होती. काकांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. केसाएवढी रेघ, हाडाच्या पुढच्या कडेपासून आत गेलेली. नडगीच्या ह्या जागेची रेघ फार वाईट, ते म्हणाले. उद्या पळाली असती तर, असं काकांनी विचारलं. डॉक्टरांनी पेन त्याच रेघेवरून पुढं नेलं, पलीकडच्या कडेपर्यंत, आणि खाली ठेवलं. मग त्यांनी लाल डागाकडे बघून विचारलं की हाडावर हे लावायला कुणी सांगितलं. काका काहीतरी बोलायला लागले. मी खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी सांगितलं, हा माझाच शिक्का आहे.

रात्री आम्ही तिच्या खोलीतच राहिलो. काकांना घरमालकांनी ओट्यावर जागा दिली. तीनला बाकीच्या पोरी उठल्या, कुजबुजत आवरलं, बूट हातात घेऊन बाहेर गेल्या. सुकन्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जागी होती आणि मीही.

सहाच्या गाडीनं आम्ही निघालो. गाडी भरतीच्या मैदानावरून गेली. फाटकाबाहेर पोरी ओळीत बसल्या होत्या, छातीवर नंबर लावून. सुकन्या खिडकीशी होती, प्लास्टरचा पाय समोरच्या सीटवर. मैदान मागं पडेपर्यंत ती मान वळवून बघत राहिली.

"ताई, तुम्ही आला नसता तर मी आत्ता तिथं असते," ती म्हणाली.

ती माझे आभार मानत होती का मला बोल लावत होती, ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नसावं. मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणायची माझी लायकी नव्हती.

नांदेडला अर्धापूरची गाडी धरायची होती, पण काका म्हणाले, आधी दुकानात जायचं. मला वाटलं, मशीन परत करायचं असेल. ते मी आधीच माझ्या पिशवीत टाकलं होतं. रिक्षातून त्यांनी तिला पुन्हा पाठीवर घेतलं आणि तीन पायऱ्या चढले. अब्बा गल्ल्यामागच्या खुर्चीतून उठले. त्यांनी त्या दोघांना आधी कधीच पाहिलं नव्हतं.

"चाचा," काका धापा टाकत म्हणाले, "पाय घेऊन आलो."

त्यांनी लेकीला बाकावर बसवलं. अब्बा काठी टेकत आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांना बसायला बराच वेळ लागला. प्लास्टर झालं होतं, फिल्म निघाली होती, आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, बेटा, कुठं दुखतं.

सुकन्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मग तिनं हात पुढं केला आणि प्लास्टरवर, अगदी त्या जागी, एक बोट ठेवलं.